सर्वोच्च वेग मोठा की वळणावरची पकड? सुपरकारच्या निमित्ताने

मास्तर_दारव्हा (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९.१०

सर्वांना नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातील एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या नववीच्या वर्गात गेले पंधरा दिवस एक वाद धुमसत आहे. मागच्या बाकांवरील मुलांच्या मते बुगाटीसारखी गाडी जगात दुसरी नाही, कारण ती ताशी ४०० किलोमीटरच्या पुढे जाते. पुढच्या बाकांवरील मुलांनी पोर्शेचा पक्ष घेतला आहे; सरळ रस्त्यावर कोणीही पळेल, खरी परीक्षा वळणावर होते, असे त्यांचे म्हणणे आहे. यांपैकी एकाही मुलाने यातली एकही गाडी डोळ्यांनी पाहिलेली नाही, आणि खरे सांगायचे तर मीही पाहिलेली नाही. आमच्या फाट्यावरून जे काही भरधाव जाते त्यात कापसाने गच्च भरलेला मेटॅडोरच सर्वांत धाक घालणारा असतो.

प्रारंभी मी हा वाद मिटवू पाहिला. नंतर लक्षात आले की घर्षण, हवेचा रोध आणि अभिकेंद्री बल हे जे मी वर्षभर फळ्यावर लिहून मुलांच्या गळी उतरवू शकलो नाही, ते या भांडणात आपोआप येत आहे. म्हणून जाणकारांना विचारतो की अशा गाडीची थोरवी सर्वोच्च वेगावरून ठरवावी की हाताळणीवरून, आणि एकाच गाडीत हे दोन्ही गुण पूर्णपणे का उतरवता येत नाहीत? माझे मत पुढच्या बाकांकडे झुकलेले आहे. सर्वोच्च वेग हा मला केवळ मिरवण्याचा आकडा वाटतो. या गाड्यांच्या किमतींची चर्चा मात्र येथे नको, ती वर्गात करून आम्ही थकलो आहोत.

चाकणस्थित_वऱ्हाडी | रविवार, रात्री १०.४५

गुरुजी, मी मूळचा आर्णीचा. सध्या चाकणला एका कारखान्यात सस्पेन्शनच्या विभागात काम करतो. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघेल.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या रोधाला सारत पुढे जाण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी २०० वरून ४०० वर जायचे असेल तर हवेपुरती शक्ती दुप्पट करून भागत नाही, ती आठपट लागते. बुगाटी व्हेरॉनने २००५ साली जर्मनीतील एरा-लेसिन येथील चाचणी मार्गावर ताशी ४०८ किलोमीटरचा वेग गाठला, तेव्हा तिच्या आठ लिटरच्या, सोळा सिलिंडरच्या, चार टर्बोंच्या इंजिनाची शक्ती १,००१ अश्वशक्ती होती. २०१० साली तिच्याच सुपर स्पोर्ट आवृत्तीने ४३१ गाठले. वेग वाढला साडेपाच टक्के. घनाचा हिशेब केला तर शक्ती सतरा-अठरा टक्क्यांनी वाढायला हवी, आणि प्रत्यक्षात ती १,२०० अश्वशक्तीपर्यंत, म्हणजे वीस टक्के वाढवलेली होती. मुलांना ही आकडेमोड अवश्य करायला लावा. कागदावरचे सूत्र आणि कारखान्यातले इंजिन इतके जवळ आलेले क्वचितच पाहायला मिळते.

आता वळणाचे पाहू. वळताना गाडीला आतल्या बाजूला खेचणारे सारे बल चार टायरांतून येते, आणि प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग पसरलेल्या पंजाएवढा असतो. ती पकड वाढवायची तर टायर रस्त्यावर अधिक दाबला गेला पाहिजे, परंतु गाडीत वजन भरून दाब वाढवला तर तेच वजन वळणावर बाहेर जाऊ पाहते. त्यामुळे वजन न वाढवता दाब मिळवण्याचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे हवेकडून दाबून घेणे. विमानाच्या पंखाला उलटे लावले की मागचा विंग तयार होतो. मात्र हवा हा दाब फुकट देत नाही. त्याच्या बदल्यात ती रोध वाढवते, आणि तो रोध वेगाच्या घनाचा हिशेब घेऊन सर्वोच्च वेगाच्या दारात उभा राहतो.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा आपल्या पुढच्या बाकांच्या लाडक्या पोर्शेतच आहे. २०२१ साली आलेली ९११ जीटी३ ही गाडी ५१० अश्वशक्तीची असून तिचा सर्वोच्च वेग ताशी सुमारे ३२० किलोमीटर आहे. जीटी३ आरएस तिचीच भावंड, अश्वशक्ती थोडी अधिक, ५२५. तरीही तिचा सर्वोच्च वेग २९६. कारण तिचा विंग आणि बाकीची रचना ताशी २०० च्या वेगाला तिला ४०९ किलोने रस्त्यावर दाबते आणि २८५ ला ८६० किलोने. जर्मनीतील न्यूरबर्गरिंग या शर्यतमार्गाच्या २०.८३२ किलोमीटरच्या पूर्ण फेरीत जीटी३ ने ६ मिनिटे ५९.९२७ सेकंद घेतले होते आणि आरएसने ६ मिनिटे ४९.३२८. सर्वोच्च वेगात हरलेली गाडी फेरीत दहा सेकंदांहून अधिक पुढे आहे. आरएसच्या त्या फेरीची सरासरी काढली तर ती ताशी १८३ किलोमीटरच्या आसपास येते. २९६ आणि ३२० यांतला फरक ज्या वेगांना लागू होतो तेथे ती फारशी पोहोचतच नाही.

स्वीडनच्या कोनिगसेगने तर हा प्रश्न दोन गाड्यांत वाटून टाकला आहे. जेस्को हीच गाडी मोठ्या विंगसह अटॅक या नावाने मिळते आणि विंग काढून, शेपूट लांब करून, हवेचा रोध-गुणांक ०.२७८ पर्यंत उतरवून अ‍ॅब्सोल्यूट या नावाने मिळते. इंजिन तेच. गिऱ्हाइकाला विचारले जाते की तुम्हाला वळायचे आहे की पळायचे आहे.

आणि मागच्या बाकांना हेही सांगा की व्हेरॉन नेहमीच्या स्थितीत ३७५ वर थांबते. त्यापुढे जायचे असेल तर गाडी उभी करून एक वेगळी किल्ली लावावी लागते. मग गाडी खाली बसते, मागचा विंग बराचसा आत ओढला जातो आणि पुढच्या झडपा बंद होतात. म्हणजे तेथेही आधी थोडी पकड सोडावी लागते, तेव्हा कुठे वेग हाती येतो.

काळीमाती | रविवार, रात्री ११.०५

त्या किल्लीच्या स्थितीत व्हेरॉनची जमिनीपासूनची उंची पुढे ६५ मिलिमीटर राहते, असे मी वाचले आहे. आमच्या ग्रामपंचायतीसमोरचा गतिरोधक त्याहून उंच आहे, आणि तो एकटा नाही. उद्या सविस्तर लिहितो.

सरळरेषा | सोमवार, सकाळी ७.२०

गुरुजी, सर्वोच्च वेगाला मिरवण्याचा आकडा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. इंजिन मोठे केले की वेग आपोआप वाढतो, असा जो समज वरच्या प्रतिसादातून होऊ शकतो, तो मला थोडा दुरुस्त करायचा आहे.

ताशी ४०० च्या वेगाला टायरच्या बाहेरच्या कडेवर असलेल्या एक ग्रॅम रबराची काय अवस्था होते ते मोजून पाहा. वेग सेकंदाला १११ मीटर, त्रिज्या सुमारे ३५ सेंटिमीटर. म्हणजे ते एक ग्रॅम रबर साडेतीन किलोहून अधिक जोराने बाहेर सुटू पाहते. असे शेकडो ग्रॅम रबर प्रत्येक चाकावर असते. म्हणूनच व्हेरॉन सुपर स्पोर्ट विक्रमाच्या वेळी ४३१ ला गेली, तरी गिऱ्हाइकाच्या हाती देताना ती ४१५ वर बांधून दिली गेली, ती टायरच्या काळजीने. २ ऑगस्ट २०१९ रोजी अँडी वॉलेस यांनी एरा-लेसिनलाच बुगाटी शिरॉनची बदललेली गाडी ताशी ४९०.४८४ किलोमीटरपर्यंत नेली, तेव्हा तिचे टायर बसवण्यापूर्वी एक्स-रे काढून तपासले गेले होते. एका सेकंदात १३६ मीटर! कबड्डीचे मैदान तेरा मीटर लांब असते. मुलांनी डोळे मिटून उघडेपर्यंत किती मैदाने मागे पडतील ते त्यांनाच ठरवू द्या.

माझा खरा मुद्दा पुढे आहे. त्या वेगाला गाडी सरळ ठेवणे ही हाताळणी नाही काय? वाऱ्याची झुळूक बाजूने आली, रस्त्याचा थर जरा बदलला, पुढचा भाग हवेने किंचित उचलला गेला, तर चालकाच्या हातात दुरुस्तीला वेळच उरत नाही. वळणावरची चूक मैदानाच्या कडेच्या खडीत जिरते. ४९० ला झालेली चूक कोठेही जिरत नाही. जी गाडी तेथे निश्चल राहते, तिची हाताळणी वाईट आहे असे मी म्हणणार नाही. आणि रचनाकार गॉर्डन मरे यांची मॅक्लारेन एफ१ आठवा. ती मुळात हलकी, चालकाला मधोमध बसवणारी, रस्त्यावर आनंद देणारी गाडी म्हणून बनवली गेली, वजन साधारण ११४० किलो. तीच गाडी १९९८ च्या मार्चमध्ये, वॉलेस यांच्याच हातून, ताशी ३८६ च्या पुढे गेली. तेव्हा हे दोन गुण जन्माचे वैरी आहेत असे मानण्याचे कारण नाही.

चाकणस्थित_वऱ्हाडी | सोमवार, दुपारी १.३०

सरळरेषा यांचा स्थैर्याचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो माझ्या प्रतिसादात यायला हवा होता. मॅक्लारेन एफ१ चे उदाहरण मात्र माझ्याच बाजूचे आहे. तिला मोठा विंग नव्हता. तो नसल्यामुळे वेग मिळाला, आणि हवेच्या दाबाची कमतरता मरे यांनी हलकेपणाने भरून काढली. हलकेपणा हा एकच गुण असा आहे की जो वळणावर, ब्रेकवर आणि वेग घेताना सारखाच उपयोगी पडतो. अगदी शेवटच्या सर्वोच्च वेगाला मात्र त्याचा फारसा उपयोग नसतो, कारण तेथे भांडण वजनाशी नसून हवेशी असते. म्हणून व्हेरॉन १,८८८ किलोची असूनही पळते. तिला वळवताना ते १,८८८ किलो आठवतात.

पट_पाहणारा | सोमवार, सायंकाळी ६.५०

हा धागा वाचून मी वडिलांना शिरॉनची ध्वनिचित्रफीत दाखवली. ते तरुणपणी धुरकरी होते. तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, त्यांनी अनेक वर्षे जोडी हाकली. पट हा सरळ रेषेतला, सेकंदाच्या काट्यावरचा खेळ, त्यामुळे ते बुगाटीचे कौतुक करतील असे मला वाटले होते. त्यांनी शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "पयते बम. वयते का?" (पळते खूप, पण वळते का?)

मग त्यांनी जे समजावले ते मी शुद्ध भाषेत देतो. पटाची छकडी आणि शेतातून कापूस आणणारी बंडी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पटाच्या बैलाला वळायचेच नसते, म्हणून त्याच्या मागे शक्य तितके कमी ओझे आणि शक्य तितकी सरळ वाट द्यायची असते. बंडीला मात्र शेताच्या बांधावरून, नाल्याच्या उतारावरून वळत यावे लागते, आणि तेथे सर्व खेळ भरणीचा असतो. ओझे पुढे जास्त भरले तर गाडी धुरजड होते, बैलांच्या मानेवर बसते आणि वळताना वळतच नाही. मागे जास्त भरले तर ती उलाळ होते, धुरा वर उचलला जातो आणि उतारावर मागचा भाग आपल्याच मर्जीने फिरतो.

मोटारींच्या भाषेत यालाच अंडरस्टीअर आणि ओव्हरस्टीअर म्हणत असावेत असा माझा अंदाज आहे. जाणकारांनी चूक असल्यास सांगावे.

चाकणस्थित_वऱ्हाडी | सोमवार, सायंकाळी ७.१५

मुळीच चूक नाही. उलट माझी शिफारस आहे की हे दोन शब्द आपण येथून पुढे वापरावेत; 'अंडरस्टीअर' ऐकून मुलाच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही, 'धुरजड' म्हटले की बंडी उभी राहते. पोर्शे ९११ ही जन्माची उलाळ गाडी आहे, कारण तिचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे टांगलेले असते. साठ वर्षे त्यांनी तो उलाळपणा सस्पेन्शनने, रुंद मागच्या टायरांनी आणि आता हवेच्या दाबाने काबूत आणला. बुगाटी आणि मॅक्लारेनमध्ये इंजिन दोन आसांच्या मध्ये बसवलेले असते, म्हणजे आपल्या भाषेत भरणी समतोल. आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

मेळघाटची_वाट | सोमवार, रात्री ९.४०

मी परतवाडा ते चिखलदरा या घाटात चौदा वर्षे प्रवासी गाडी चालवतो आहे. वरची सर्व माहिती वाचली, परंतु एक शंका राहते. आमच्या घाटातल्या काही वळणांवर स्टीअरिंग पूर्ण फिरवावे लागते, समोरून एसटी आली तर थांबावेही लागते. तेथे ८६० किलोने दाबणारा तो विंग नेमके काय करील?

चाकणस्थित_वऱ्हाडी | सोमवार, रात्री १०.२०

दादा, जवळजवळ काहीच करणार नाही, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले आभार. समजा वळणाची त्रिज्या १५ मीटर आहे आणि टायर गाडीच्या वजनाएवढी पकड देतात. तर कोणत्याही गाडीला तेथून ताशी सुमारे ४४ किलोमीटरनेच जाता येईल, मग अश्वशक्ती ६० असो वा १,६००. हवेचा दाबही वेगाच्या वर्गाने वाढतो आणि वर्गानेच घटतो. म्हणून जीटी३ आरएसला २०० च्या वेगाला मिळणारे ४०९ किलो, ४४ च्या वेगाला जेमतेम वीस किलो उरतात. सोयाबीनच्या अर्ध्या पोत्याएवढेही नाही.

म्हणून 'हाताळणी' या एका शब्दाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एक हवेने दिलेली पकड, जी मोठ्या, वेगवान वळणांवर लागते. दुसरी टायर, वजन, भरणी आणि सस्पेन्शन यांची पकड, जी आपल्या घाटात लागते. सर्वोच्च वेगाचे भांडण पहिलीशी आहे. दुसरीशी त्याचे वैर थेट नाही, मोठ्या इंजिनाच्या वजनातून येते तेवढेच. या कोंडीतून निघण्याचा एक गमतीदार प्रयत्नही झाला आहे. मरे यांनी १९७८ साली ब्रॅभॅमच्या फॉर्म्युला वन गाडीला मागे पंखा बसवला, जो गाडीखालची हवा ओढून तिला रस्त्याला चिकटवत असे. निकी लाउडा यांनी तिच्यावर स्वीडनची शर्यत जिंकली आणि त्यानंतर ती पुन्हा शर्यतीत उतरलीच नाही. तीच कल्पना मरे यांच्या टी.५० या एक हजार किलोहून हलक्या रस्त्यावरच्या गाडीत ४० सेंटिमीटरच्या पंख्याने परत आली. पंख्याला वेगाची वाट पाहावी लागत नाही.

चाचणीवाला | मंगळवार, सकाळी ६.३०

मी वरुडचा असून काही वर्षे वाहनांच्या चाचणीच्या कामात आहे. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा लंबवर्तुळाकार मार्ग आहे. त्याच्या वळणांचा उतार असा बांधला आहे की ताशी २५० किलोमीटरच्या वेगाला स्टीअरिंग न फिरवताही गाडी वळते. बाजूचे बल उतारच पेलतो. म्हणून अशा मार्गावर गाडीचा वेग, तापमान, टायर यांची परीक्षा होते, हाताळणीची होत नाही. उलट ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर सर्वांत लांब सरळ भाग साधारण एक किलोमीटरचा आहे. तेथे या गाड्यांना आपला सर्वोच्च वेग कधीच गाठता येणार नाही. जी जागा निवडाल तिच्याप्रमाणे निकाल लागतो, हे मुलांना आधी सांगावे.

एक तक्रार मात्र दोन्ही पक्षांविरुद्ध आहे. फेरीची वेळ म्हणजे हाताळणी नव्हे. तोही सर्वोच्च वेगासारखा एक आकडाच आहे. उत्तम हाताळणीची गाडी ती, जी पकड सुटण्यापूर्वी आपल्याला हाताला आणि बैठकीला कळवते, आणि सुटल्यावर परत येऊ देते. काही अतिवेगवान गाड्या अखेरपर्यंत काहीही बोलत नाहीत आणि मग एकदम सोडून देतात. हे कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नसते. आकड्यांवर विश्वास किती ठेवावा याचेही उदाहरण घ्या: २०२० साली एसएससी कंपनीने आपल्या तुआतारा या गाडीसाठी ताशी ५०८ किलोमीटरचा दावा केला, लोकांनी चित्रफितीतील खुणांवरून हिशेब मांडून तो खोडून काढला, कंपनीने चूक मान्य केली, आणि पुढच्या जानेवारीत प्रत्यक्ष मोजलेली दोन्ही दिशांची सरासरी ४५५ च्या आसपास निघाली. तो हिशेब मांडणे नववीच्या मुलालाही जमले असते.

काळीमाती | मंगळवार, रात्री ८.१५

मी रस्त्यांच्या कामावर देखरेख करतो, म्हणून रस्त्याच्या बाजूने लिहितो. वरच्या साऱ्या चर्चेत रस्ता सपाट धरलेला आहे. आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीला पावसाळ्यात पाणी मिळाले की ती फुगते, आणि उन्हाळ्यात आटून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटांसारखा होतो, खालचा भराव कितीही दाबला तरी. न्यूरबर्गरिंगसाठी कडक बांधलेली गाडी अशा लाटेवर आली तर तिचे चाक लाटेमागे खाली उतरतच नाही. ते हवेत राहते, आणि हवेतल्या चाकाची पकड शून्य असते. तेथे मऊ सस्पेन्शनची साधी जीप तिच्यापेक्षा बरी वळेल. समृद्धी महामार्ग काँक्रीटचा आहे, १५० किलोमीटरच्या वेगासाठी आखलेला आहे, मोटारींना मर्यादा १२० आहे. तेथे आपल्या साध्या टायरांत हवा कमी असेल तर तेच तापून फुटतात, चारशेची गोष्ट दूरच. त्यात रात्री गावच्या रस्त्यावर रोही (नीलगाय) आडवा आला तर कोणती गाडी चांगली हे रोहीच ठरवतो.

मास्तर_दारव्हा (धागाकर्ता) | शनिवार, दुपारी ३.४०

सर्वांचे मनापासून आभार. माझे मिरवण्याच्या आकड्याचे विधान मी मागे घेतो. सरळरेषा यांच्या एक ग्रॅम रबराने ते मोडले. जेस्कोच्या दोन आवृत्त्या फळ्यावर काढल्या तेव्हा वर्ग प्रथमच दोन्ही बाजूंनी गप्प झाला.

आज शाळेच्या मैदानावर चुन्याने पाच मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखले आणि शेजारी पन्नास मीटरची सरळ रेषा. सायकली मुलांच्याच होत्या. सरळ रेषेत मागच्या बाकावरचा एक मुलगा गिअरच्या सायकलवर सहज पहिला आला. वर्तुळात तोच घसरून पडला. गुडघा खरचटला, हळद लावली, काळजीचे कारण नाही. वर्तुळाची सर्वांत कमी वेळ आजोबांची काळी सायकल घेऊन आलेल्या मुलीने नोंदवली. तिने वेग वाढवला नाही, फक्त अंग आत झुकवून एकाच रेषेत फेरी पूर्ण केली. त्या वेळेवरून आम्ही वेग आणि त्वरण काढले. गुरुत्वाच्या अर्ध्यापेक्षा थोडे कमी आले.

मागचे बाक मात्र हार मानायला तयार नाहीत. त्यांचे म्हणणे आहे की मैदानावर मुरूम होता, डांबर असते तर गिअरची सायकल पडली नसती.

चाकणस्थित_वऱ्हाडी | शनिवार, सायंकाळी ५.०५

गुरुजी, त्यांचा आक्षेप योग्य आहे. सुट्या मुरुमावर घर्षणाचा गुणांक डांबराच्या मानाने बराच कमी असतो, आणि अरुंद, गुळगुळीत टायरला तो आधी जाणवतो. पुढच्या शनिवारी हेच वर्तुळ शाळेपुढच्या डांबरी पट्ट्यावर आखा आणि त्या मुलाला पुन्हा संधी द्या. टायरमधली हवा दोन्ही वेळा मोजून ठेवावी, नाहीतर ते त्यावरही बोट ठेवतील.